दोन बोटं खाली

छर्रा खाली लागत होता. डावं-उजवं अगदी बरोबर, नुसता खाली. काळ्या ठिपक्यापासून दोन बोटं. विद्याधर सबनीसने बंदूक मांडीवर घेतली, दुर्बिणीवरच्या चकतीचं टोपण काढलं आणि चकती वर चढवली. खट, खट, खट. दर खटक्याला छर्रा मिलिमीटर-दीड मिलिमीटर वर सरकायला हवा. त्याने पुन्हा नेम धरला, पुन्हा चाप ओढला. पुन्हा खाली.

"तुझ्या दुर्बिणीचं वय झालं," मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला अंबादास म्हणाला. "आपल्यासारखंच. सगळं खाली ओघळतं."

"गप रे. मोजू दे."

मुलुंड पूर्वेच्या त्या इमारतीच्या गच्चीवर रविवारी सकाळी हा कार्यक्रम चाले. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला लोखंडी पत्रा, त्याच्या पुढे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे कोंबलेलं लाकडी खोकं आणि खोक्यावर निशाणाचा कागद. गच्चीच्या दाराला आतून कडी घालायची, एवढ्या अटीवर सोसायटीच्या सेक्रेटरींनी परवानगी दिली होती.

विद्याधर आणि अंबादास गजभिये भांडुपच्या एका कारखान्यात उमेदवारीपासून बरोबर होते. अंबादास टूलरूममध्ये, विद्याधर इन्स्पेक्शनला. अंबादासने केलेला भाग विद्याधरने तपासायचा, आणि परत पाठवला तर का पाठवला ते मापासकट सांगायचं. या मापांवरून त्यांची कडाक्याची भांडणं झाली आणि त्या भांडणांतूनच मैत्री जमली. कारखाना बंद पडला, जागेवर टॉवर आले. क्रीडामंडळाची नेमबाजीची रेंजही गेली, सवय मात्र गेली नाही. मग दोघांनी मिळून एक छर्ऱ्याची बंदूक घेतली. नळी मोडायची, स्प्रिंग दाबली जाते, एक छर्रा भरायचा, नळी मिटायची, चाप ओढायचा. बंदूक एक महिना विद्याधरकडे, एक महिना घाटकोपरला अंबादासकडे, पंतनगरात.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अंबादासला नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच एकाच वेळी स्पष्ट दिसेना. "आता मी नुसता प्रेक्षक," असं तो हसत म्हणाला होता, पण पुढचे दोन रविवार आला नाही. तेव्हा दुर्बीण बसवायची टूम विद्याधरनेच काढली आणि झिरोही त्यानेच केली, म्हणजे काचेतली फुली जिथे टेकेल तिथेच छर्रा बसेल अशी जुळवली. त्या दुर्बिणीतून अंबादासचा पहिला छर्रा काळ्यात बसला तेव्हा तो एवढ्या जोरात ओरडला की सेक्रेटरी चौकशीला वर आले.

आणि आता दसरा होऊन गेल्यावरच्या पहिल्याच रविवारी हे असं. अंबादास आदल्या दिवशी नागपूरहून परतला होता. दर दसऱ्याला तो दीक्षाभूमीला जात असे. या वेळी जाण्याआधी घरी रंगकाम काढलं होतं म्हणून बंदूक तो लवकरच मुलुंडला ठेवून गेला होता.

सकाळचे पहिले दोन छर्रे तर भलतेच वर गेले होते, मोठा कडाका होऊन.

"कोणीतरी फटाके काढलेत आत्तापासून," विद्याधर म्हणाला होता.

"आणि काहीतरी करपलंय बघ," अंबादास नाक वर करून म्हणाला होता.

"खाली फोडणी जळली असेल कुणाची."

त्यानंतर छर्रे खाली यायला लागले आणि येतच राहिले. विद्याधर चकती चढवी, दोन छर्रे ठिपक्याजवळ येत, तिसरा पुन्हा घसरे. अंबादासने मारून पाहिलं, तेच.

"माझा डोळा असेल," अंबादास म्हणाला.

"दोघांचे डोळे एकदम बिघडतील का? नळी वाकलीय." विद्याधरने बंदूक डोळ्यासमोर आडवी धरली, जशी कारखान्यात सळई धरायचा. "पडलीय ही कुठेतरी. नळी आपटली की अशीच खाली वाकते."

"कुठे पडणार?"

"माझ्याकडे तर नाही पडली. आल्यापासून कपाटात होती. तुझ्याकडे रंगकाम होतं ना?"

"मी तिथून आणून दिली तुला, नीट कव्हरात घालून."

"कव्हरात घालायच्या आधी कुठे होती?"

"लोखंडी कपाटावर. कपाट हलवायचं होतं म्हणून तेजलने खाली काढली."

तेजल म्हणजे अंबादासची सून. अनिरुद्धची बायको, बँकेत नोकरीला. अंबादासची बायको शकुवहिनी गेल्यानंतर ते घर तिनेच सांभाळलं होतं.

"झालं तर मग," विद्याधर म्हणाला. "सुनेला विचार."

"पडली असती तर ती म्हणाली असती रे."

"सून सासऱ्याला सांगायला येते होय, तुमची बंदूक माझ्या हातून पडली म्हणून? काहीतरीच यार तुझं. विचार तर खरं."

अंबादासने फडक्याने बंदूक पुसली, कव्हरात घातली, चेन ओढली. विद्याधरच्या बायकोने, जयंतीने, चहासाठी खालून हाक मारली तेव्हा तो जिन्याकडे निघालेला होता. वहिनींसाठी आणलेली संत्रा बर्फी त्याने दारातूनच तिच्या हातात दिली आणि दिवाळीची गर्दी आहे, लवकर निघतो, म्हणाला.

तीन-चार दिवसांनी त्याचा फोन आला.

"विचारलं मी. नाही म्हणते."

विद्याधर तेव्हा बाजारात होता, मुलुंड स्टेशनबाहेर, एका हातात भाजीची पिशवी. "नाहीच म्हणणार ना," तो म्हणाला.

अंबादास म्हणाला, "बघतो. परत विचारतो."

'जाऊ दे, सोड' एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. विद्याधर म्हणाला, "विचार," आणि कोथिंबिरीच्या जुडीकडे वळला.

त्यानंतर अंबादासने विषय काढला नाही आणि रविवारी यायचंही थांबवलं. आधी दिवाळी होती, मग गुडघे, मग सर्दी. अनिरुद्ध आणि तेजल दहिसरला राहायला गेल्याचं विद्याधरला जयंतीकडून कळलं. तिथे त्यांनी फ्लॅट घेतला होता हे खरं, पण तो भाड्याने द्यायचा बेत होता. अंबादासनेच तसं कितीदा सांगितलं होतं. "एकटे राहतात आता भाऊजी," जयंती म्हणाली. "फोन करा." विद्याधरने केला. नोकरीला तिकडून बरं पडतं त्यांना, असं अंबादास म्हणाला. तेजलची बँक विक्रोळीला होती. दहिसरहून ते कसं बरं पडेल, हे विद्याधरने विचारलं नाही.

संक्रांतीच्या सुमारास त्याने ठरवलं की नवी नळी मागवायची आणि बंदूक दुरुस्त करूनच अंबादासकडे न्यायची. झालं गेलं त्यात मिटेल. मागवायची तर जुन्या नळीचं माप हवं, म्हणून त्याने नळी सोडवली, पुढची माशी काढली आणि जेवणाच्या टेबलाच्या काचेवर ती ठेवून बोटाने हलकेच फिरवली. वाकलेली नळी अशी फिरवली की तिच्या आणि काचेच्या मधली उजेडाची फट उघडमीट करते. ही फट हलली नाही. त्याने चष्मा पुसला, टेबलाशी डोळा आणून पुन्हा फिरवली. नळी सरळ होती. नवीन होती तेवढीच सरळ.

मग त्याने मागची पिन काढून, स्प्रिंगचा दाब अंगठ्यात धरून, बंदुकीचं पोट उघडलं. पिस्टनच्या तोंडावर एक वॉशर असतो. हवा कोंडून धरायचं काम त्याचं. त्याची कड जळून काळी झाली होती, एका बाजूचा तुकडाच नव्हता. त्या फटीतून हवा निसटणार, छर्रा हळू जाणार आणि हळू गेलेला छर्रा लवकर खाली येणार. यात समजायला अवघड काही नव्हतं.

"अहो, देवापुढच्या तेलाचा वास कुठून येतोय?" जयंती स्वयंपाकघरातून म्हणाली.

"कसला?"

ती पदराला हात पुसत आली, टेबलावर वाकली. "हे बघा, याचाच. तिळाचं तेल, समईचं. जळलंय."

"समईचं तेल बंदुकीत कसं जाईल?"

"खंडेनवमीला घातलं ना मी," जयंती सहज म्हणाली. "शिलाई मशीन, विळी, तुमचे पाने, स्क्रू-ड्रायव्हर, सगळं पाटावर मांडलं, तेव्हा ही पण ठेवली. मशीनला तेल देत होते, म्हटलं हिला पण देऊ का? तुम्ही पेपर वाचत होतात. म्हणालात, दे ना, गंज तरी नाही चढणार. नळी मोडून ठेवलेलीच होती तुम्ही. मशीनला असतं तसं बारीक भोक दिसलं, त्यात घातलं चांगलं दोन-तीन चमचे." मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिने विचारलं, "चुकलं का काही?"

"तुझं नाही," विद्याधर म्हणाला.

त्या भोकातून हवा बाहेर पडते. तिथे तेल गेलं की दाबाच्या उष्णतेने ते पेट घेतं. कडाका होतो, छर्रा जोरात वर जातो, धूर निघतो, करपल्याचा वास येतो आणि वॉशर जळतो. हे त्याला ठाऊक होतं. बंदुकीबरोबर आलेल्या कागदावरही लिहिलेलं होतं. कडाका त्याने ऐकला होता, वास अंबादासने त्याला सांगितला होता. आणि याहून साधी गोष्ट म्हणजे, वाकलेली नळी एकदाच वाकते. तिचे छर्रे खाली लागतील, पण एकाच जागी लागतील. दर छर्ऱ्याला ती आणखी वाकत नाही. घसरत जातं ते दुसरं काहीतरी. इन्स्पेक्शनमध्ये उमेदवाराने असा निष्कर्ष काढला असता तर त्याने त्याला दिवसभर उभं केलं असतं. आयुष्यभर त्याने माप घेतल्याशिवाय अंबादासचा एक खिळाही परत पाठवला नव्हता. या वेळी परत पाठवलं ते एका माणसाला, आणि तेही नुसतं डोळ्यासमोर आडवं धरून.

दुसऱ्या दिवशी तो पंतनगरला गेला. फोन न करता. वॉशर प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घालून खिशात ठेवला होता.

अंबादासने दार उघडलं. भिंतींचा रंग नवा कोरा होता आणि घर होतं त्याहून मोठं वाटत होतं. गॅसवर कुकर होता.

"ये. काय अचानक?"

विद्याधरने उभ्यानेच सांगितलं. वॉशर, तेल, खंडेनवमी, काचेवरची नळी. अंबादासने पिशवी हातात घेतली, खिडकीपाशी नेली, उजेडात धरली. टूलरूममधला माणूस, त्याला दोनदा समजवावं लागलं नाही.

"म्हणजे दसऱ्याला माझ्याकडे राहिली असती, तर तिला काही झालं नसतं," तो म्हणाला आणि थोडा हसलासुद्धा. "आमच्याकडे कोण पूजा करणार होतं बंदुकीची."

"चूक माझी आहे, अंबादास. मी तुझ्या सुनेचं नाव घेतलं."

अंबादासचं हसू गेलं. तो खुर्चीवर बसला. कुकरची शिट्टी झाली तरी उठला नाही.

"पण ती तर हो म्हणाली," तो म्हणाला.

"कोण?"

"तेजल. आधी नाही म्हणाली. मी परत विचारलं. मग परत. शेवटी म्हणाली, हो बाबा, पडली माझ्या हातून."

"तू मला सांगितलं नाहीस."

"तुला कशाला सांगू? घरातली गोष्ट." अंबादासने पिशवी टेबलावर ठेवली. "मी तिला म्हटलं, बंदुकीचं काही नाही गं, पण पहिल्या दिवशीच खरं बोलली असतीस तर बरं झालं असतं. खोटं बोलायची काय गरज होती? असं म्हटलं मी. अनिरुद्धच्या समोर."

कुकर पुन्हा ओरडला. विद्याधरनेच उठून गॅस बंद केला.

"चल," अंबादास म्हणाला.

"कुठे?"

"दहिसरला. तू सांग तिला. मी काय तोंडाने सांगू?"

मेट्रोने ते अंधेरीकडे निघाले, तिथे गाडी बदलली. वाटेत अंबादास एकदाच बोलला. "दहा वर्षं झाली तिला आमच्या घरी येऊन. शकु आजारी होती तेव्हा हिने काय काय केलंय ते मला माहीत आहे. आणि मी विचारत बसलो. तू म्हणालास म्हणून." थोड्या वेळाने त्याने स्वतःच दुरुस्ती केली. "तू म्हणालास हे निमित्त. विचारलं मीच."

तेजलच्या फ्लॅटला नव्या प्लायवूडचा वास होता. अनिरुद्ध कामासाठी बाहेरगावी गेलेला. सासऱ्याला बघून ती चपापली, मग त्याच्यामागे विद्याधर दिसल्यावर दोन पावलं मागे सरून म्हणाली, "या ना काका. बसा. चहा टाकते."

"चहा राहू दे," विद्याधर म्हणाला. "आधी ऐक."

ती ओट्याला टेकून उभी राहिली, हाताची घडी घालून. विद्याधरने सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. मोडून ठेवलेली बंदूक, पेपर वाचता वाचता दिलेलं उत्तर, गच्चीवर तो जे म्हणाला ते शब्द. सांगून झाल्यावर म्हणाला, "माझं चुकलं. मी न तपासता बोललो."

"बरं," तेजल म्हणाली.

"एवढंच?"

"मग काय म्हणू, काका? मी पाडली नव्हती हे मला माहीत होतंच ना. तुम्हाला आज कळलं."

"पण तू हो का म्हणालीस गं?" अंबादासने विचारलं.

तिने उत्तर द्यायच्या आधी पातेल्यात पाणी घेतलं, गॅस पेटवला.

"रोज तेच होतं ना, बाबा. जेवायला बसलं की बंदूक. बँकेतून आले की बंदूक. तुम्ही ओरडायचा नाहीत, शांतपणे विचारायचा. नीट आठवून बघ, म्हणायचा. मी खरंच आठवायला लागले होते. रात्री पडल्या पडल्या वाटायचं, काढताना टेकली असेल का कुठे? म्हटलं, हो म्हणून टाकू, विषय संपेल. तर मी खोटारडी झाले." ती आलं किसायला लागली. "नाही म्हणत होते तेव्हा खरी होते, ते कोणालाच नको होतं. हो म्हटल्यावर लगेच विश्वास बसला सगळ्यांचा."

विद्याधरने अंबादासकडे पाहिलं नाही. खिडकीतून खाली चेकनाक्याकडे जाणारी वाहनं दिसत होती. तो तीच बघत राहिला.

"तुमचा राग नाही मला, काका," तेजल म्हणाली. "तुम्ही परके. तुम्ही काहीही म्हणाल."

तिने हे समजुतीच्या सुरात म्हटलं. त्या घरी शकुवहिनींच्या हातचं जेवला होता विद्याधर, तेजलच्या लग्नात पाहुण्यांच्या स्वागताला दारात उभा होता.

चहा झाला. तिने बरोबर चकल्या दिल्या. आग्रह केला, जयंतीकाकूंची चौकशी केली, रीत म्हणून जेवढं करायचं तेवढं सगळं केलं. निघताना अंबादास दारात थांबला.

"घरी ये गं," तो म्हणाला. "रंग देऊन घर नुसतं पडलंय."

"येईन ना, बाबा. पुढच्या आठवड्यात सुट्टी आहे, तेव्हा येते. डबा घेऊन येते तुमच्यासाठी."

"राहायला ये म्हणतोय मी."

तेजलने वाकून त्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या. "आता इथे बस्तान बसलंय, बाबा," ती म्हणाली. "शेजार पण चांगला आहे."

खाली येऊन दोघं रस्त्याच्या कडेने मेट्रोकडे चालू लागले. विद्याधरला बरंच बोलायचं होतं. नवा वॉशर आणतो, असं त्याला म्हणायचं होतं, पण वॉशरचं नाव काढायची लाज वाटली. घाटकोपर येईपर्यंत तो मनात वाक्यं जुळवत आणि मोडत राहिला. अंबादास उतरायला उठला तेव्हा तोही त्याच्यामागे उतरला आणि फलाटावर त्याला गाठून एवढंच म्हणाला, "रविवारी येशील?"

अंबादासने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात नेहमीसारखाच होता, जड आणि गरम.

"गुडघे फार दुखतात रे," तो म्हणाला. "तुझे ते पाच मजले चढवत नाहीत आता."

विद्याधरच्या इमारतीला लिफ्ट होती. दोघं इतकी वर्षं तिनेच वर जात होते.

"बरोबर आहे," विद्याधर म्हणाला. "जप."